छोट्या इंडस्ट्रियल कोटिंग कंपनीत काम करताना अभिमान कसा वाटायला लागतो, मला जेवढं कळलंय तेवढं

कुणी विचारलं काय करतोस आणि आपण म्हटलं पेंट कंपनीत आहे, की पुढचा प्रश्न ठरलेला, भिंतीचा का? आपण म्हणतो नाही हो, इंडस्ट्रियल, मग समोरचा "अच्छा" म्हणतो आणि विषय बदलतो. कंपनीचं नाव सांगून पण उपयोग नसतो कारण ते कुणी ऐकलेलंच नसतं, आपली जाहिरात कुठे लागत नाही, माल दुकानात दिसत नाही, डब्यावरचं लेबल वाचणारी माणसं दोनच, स्टोअरवाला आणि पेंटर. मी पण सुरुवातीची दोन-तीन वर्षं हे उत्तर हळू आवाजातच द्यायचो आणि मनात चालू असायचं की मोठ्या नावाच्या ठिकाणी लागलो असतो तर बरं झालं असतं. आता चौदा वर्षं झाली, लॅबमधून सुरुवात केली, मग प्रॉडक्शनला गेलो, आता दोन्ही बघतो, चाळीस-पंचेचाळीस माणसांची कंपनी आहे, आणि ते उत्तर आता मी मोठ्याने देतो. मधे काय झालं ते सांगतो, कारण ते आपोआप झालेलं नाही. काही गोष्टी मी मुद्दाम केल्या, काही माझ्या तेव्हाच्या साहेबांनी करायला लावल्या, आणि नवीन लागलेल्या कुणालाही त्या करता येतील.

आधी आपण काय विकतो ते स्वतःला सांगता यायला पाहिजे

रंग विकतो असं उत्तर मनातून काढून टाका. लोखंड खाणीतून निघतं तेव्हा ते ऑक्साइडच असतं, म्हणजे जवळजवळ गंजच, भट्टीत प्रचंड उष्णता देऊन आपण त्याचं स्टील करतो आणि त्या दिवसापासून ते परत गंज व्हायच्या वाटेला लागलेलं असतं. हवा आणि पाणी मिळालं की झालं. ही वाट अडवायचं काम आपला माल करतो. अमेरिकेतल्या नेस इंटरनॅशनल या गंजरोधक क्षेत्रातल्या संस्थेने २०१६ मध्ये एक रिपोर्ट काढला होता, त्यात गंजामुळे जगाचा वर्षाचा खर्च अडीच ट्रिलियन डॉलर म्हणजे जगाच्या जीडीपीच्या साधारण ३.४ टक्के धरलाय, आणि आज जे उपाय माहिती आहेत तेच नीट वापरले तर यातला १५ ते ३५ टक्के वाचू शकतो असं म्हटलंय. त्या उपायांमध्ये कोटिंग हा एक मोठा उपाय आहे. हा आकडा मी लॅबच्या दारामागे चिकटवून ठेवला होता बरीच वर्षं.

मग आपली सिस्टिम समजून घ्या, पाठ करू नका, समजून घ्या. बाहेरच्या स्टीलवर साधारण तीन थर असतात. खाली झिंकवाला इपॉक्सी प्रायमर, समजा ७५ मायक्रॉन, त्यातला झिंक स्वतः खर्च होतो आणि स्टीलला वाचवतो. त्यावर एमआयओ, म्हणजे मायकेशियस आयर्न ऑक्साइडवाला इपॉक्सी, समजा १२५ मायक्रॉन, यातलं आयर्न ऑक्साइड चपट्या पापुद्र्यांचं असतं, ते कौलांसारखे एकावर एक बसतात आणि पाण्याला सरळ खाली जाता येत नाही, वळसे घालत जावं लागतं. सगळ्यात वर पॉलियुरेथेन, समजा ५० मायक्रॉन, कारण इपॉक्सी उन्हात पांढरा पडतो, त्यावर बोट फिरवलं की खडू लागतो तसं लागतं, आणि पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू, ते ऊन स्वतःवर घेतो. सगळं मिळून २५० मायक्रॉन म्हणजे पाव मिलिमीटर. एका व्हिजिटिंग कार्डाची जाडी. एवढ्या जाडीवर अख्खा पूल पंधरा-वीस वर्षं काढतो, आणि हे मी वाढवून सांगत नाहीये, आयएसओ १२९४४ या स्टीलच्या कोटिंगसाठीच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये "हाय" ड्युरेबिलिटीचा अर्थच १५ ते २५ वर्षं असा दिलाय आणि त्याच्या वर "व्हेरी हाय" म्हणजे २५ च्या पुढे.

आता एक हिशोब करा, वही घेऊन खरंच करा. मालाच्या टीडीएसवर, म्हणजे टेक्निकल डेटा शीटवर, व्हॉल्युम सॉलिड लिहिलेलं असतं, म्हणजे सुकल्यावर मालाचा किती टक्के भाग उरतो ते. त्याला १० ने गुणा आणि सुक्या थराच्या मायक्रॉनने भागा, एक लिटरमध्ये किती चौरस मीटर होतं ते येतं. ६० टक्के सॉलिड, १०० मायक्रॉन, तर ६ चौरस मीटर. म्हणजे हजार लिटरची बॅच मारली की कागदावर सहा हजार चौरस मीटर स्टील झाकलं गेलं, साइटवर लॉस जातो तो वजा करा, तरी एका कोटात फुटबॉलच्या मैदानाचा अर्ध्यापेक्षा बराच जास्त भाग भरतो. मी पहिल्यांदा माझ्या एका आठवड्याच्या बॅचेसचा असा हिशोब केला तेव्हा वही बंद करून थोडा वेळ नुसता बसून होतो. त्या आधी माझ्यासाठी ते फक्त ड्रम होते.

आपला ड्रम कुठे गेला ते शोधा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, म्हणून यावर जास्त लिहितो. मोठ्या कंपनीत बॅच गोडाऊनला जाते, तिथून डेपो, तिथून डीलर, आणि पुढे काय झालं ते बनवणाऱ्याला कधीच कळत नाही. छोट्या कंपनीत डिस्पॅच रजिस्टर तुमच्यापासून वीस पावलांवर असतं. मागा ते. बॅच नंबर आणि पार्टीचं नाव लिहिलेलं असतं, मग सेल्सवाल्याला विचारा की हा ग्रे कशावर लागला, तो पहिल्यांदा विचित्र नजरेने बघेल कारण त्याला हे कुणी विचारत नाही, पण तिसऱ्या-चौथ्या वेळी तो स्वतः येऊन सांगायला लागतो. आमच्याकडे असंच झालं. मला कळलं की आमचा तो साधा वाटणारा राखाडी प्रायमर ट्रान्सफॉर्मरच्या टाक्यांना जातो, निळा पंपांना जातो, एक पिवळा आहे तो फक्त क्रेनला. हे कळल्यावर माणूस रस्त्याने चालताना वेगळं बघायला लागतो.

आणि एकदा तरी साइटवर जा. सुट्टी टाकावी लागली तरी जा, कंपनी पाठवत असेल तर नाही म्हणूच नका. मी पहिल्यांदा गेलो ते एका स्टोरेज टँकच्या कामाला, टेक्निकल सर्व्हिसवाल्या दादांच्या मागे डीएफटी मीटर, म्हणजे सुक्या थराची जाडी मोजायचं मीटर, धरून फिरायला. तिथे मला पहिल्यांदा दिसलं की आपण लॅबमध्ये गुळगुळीत पॅनेलवर ज्या मालाला पास करतो तो खऱ्या आयुष्यात किती हालातून जातो. ब्लास्टिंग, म्हणजे बारीक कणांचा जोरात मारा करून सफाई, झालेलं स्टील हातमोजा घालून हात फिरवला तरी सँडपेपरसारखं लागतं, एसए अडीच ग्रेड म्हणजे नुसता साफ नाही तर जवळपास पांढरा धातू, आणि ते केल्यावर फार वेळ उघडं ठेवता येत नाही, परत गंज धरतो. हवेत दमटपणा असेल तर स्टीलचं तापमान दवबिंदूच्या कमीत कमी ३ डिग्री वर असल्याशिवाय कोट मारत नाहीत, नाहीतर डोळ्याला न दिसणाऱ्या पाण्याच्या थरावर पेंट बसतो आणि नंतर पापुद्रा निघतो. वेल्ड, कडा, बोल्ट यांच्यावर आधी ब्रशने स्ट्राइप कोट मारतात कारण धारेवर ओला पेंट मागे सरकतो आणि थर पातळ राहतो, गंज तिथूनच सुरू होतो. हे सगळं मी वाचलेलं होतं. पण एक पेंटर पहाटेपासून मचाणावर उभा राहून एकेक बोल्ट ब्रशने भरत होता, त्याच्या हातातल्या डब्यावर मी स्वतः सही केलेला बॅच नंबर होता, आणि तो मला खाली उतरल्यावर म्हणाला की हा माल चांगला चालतो, ओघळत नाही. एवढंच. मला आजपर्यंत कुठल्या अप्रेझलने तेवढं दिलेलं नाही.

त्याच पेंटरने हेही सांगितलं की तुमच्या हार्डनरच्या, म्हणजे पेंटमध्ये मिसळायच्या दुसऱ्या भागाच्या, डब्याचं झाकण उघडताना हाताला लागतं. ते मी परत येऊन सांगितलं आणि पुढच्या ऑर्डरपासून डबा बदलला. छोट्या कंपनीत हे असं होतं, एका माणसाचं बोलणं एका महिन्यात डब्यापर्यंत पोहोचतं. म्हणून साइटवर गेलात की फक्त बघू नका, विचारा, मिक्सिंगला त्रास होतो का, ४:१ रेशो मोजायला भांडं आहे का की अंदाजे ओततात, पॉट लाइफ, म्हणजे मिसळल्यावर माल वापरण्यासारखा राहतो तो वेळ, पुरते का. गरम हवेत पॉट लाइफ झपाट्याने कमी होते, साधारण दर १० डिग्रीला निम्मी असं आमच्यात धरतात, आणि टीडीएसवर २५ डिग्रीचा आकडा छापलेला असतो, त्यामुळे बिचारा पेंटर दुपारी डब्यात दगड झालेला माल घेऊन बसतो आणि त्याला वाटतं माल खराब आहे. हे समजावून सांगायला आपण तिथे असलो तर दोघांचंही भलं होतं.

कुणाला दिसत नाही तिथे काय करता

हा भाग मला मनापासून सांगायचाय. आपल्या धंद्यात एक विचित्र गोष्ट आहे, चांगला आणि वाईट माल डबा उघडल्यावर सारखाच दिसतो. झिंक प्रायमरचंच घ्या. आयएसओ १२९४४ प्रमाणे झिंक-रिच म्हणायचं तर सुकलेल्या मालात वजनाने कमीत कमी ८० टक्के झिंक पाहिजे, कारण झिंकचे कण एकमेकांना आणि स्टीलला टेकलेले असले तरच करंट वाहतो आणि झिंक आधी खर्च होऊन स्टील वाचतं. आता झिंक महाग, फिलर स्वस्त, आणि दोन्ही राखाडी. कुणी कमी घातला तर त्या दिवशी कुणालाच कळणार नाही, पेंटरला नाही, इन्स्पेक्टरला नजरेने नाही, सुकल्यावर पण सारखंच दिसेल. कळेल ते चार-पाच वर्षांनी, जेव्हा कुठेतरी ओरखडा पडेल आणि तिथून तांबडं पाणी ओघळायला लागेल, आणि तोपर्यंत बॅच कुणी मारली ते कुणाला आठवत नसेल. म्हणजे आपल्या कामाचा खरेपणा जवळजवळ पूर्णपणे वजनकाट्यासमोर उभ्या असलेल्या माणसावर आहे. झिंकची गोणी फोडून ओतणारा हेल्पर, काट्याचा आकडा बॅच कार्डवर लिहिणारा ऑपरेटर, त्यावर सही करणारा लॅबवाला. मला वाटतं आमच्या कामातला अभिमानाचा मुद्दा म्हणून एकच निवडायला सांगितला तर मी हा निवडेन.

म्हणून बॅच कार्ड मनापासून भरा. जे घातलं तेच लिहा, जेवढं घातलं तेवढंच, आणि स्पेकमध्ये बसत नसेल तर तसं लिहा. सोपं वाटतं पण ट्रक दारात उभा असताना सोपं नसतं.

दोन प्रसंग सांगतो. पहिला, आठशे लिटर पीयू टॉपकोट तयार, शेड बसलेली, ग्लॉस बसलेला, घट्टपणा मोजायच्या फोर्ड कप बी फोर ची सेकंदं बरोबर, आणि शेवटचं पॅनेल मारलं तर त्यावर बारीक बारीक डोळे, म्हणजे पेंट मधून मागे सरकून गोल खड्डे पडलेले, फिश आय म्हणतात त्याला. शोधल्यावर कळलं की सकाळी मेंटेनन्सने मिक्सरच्या बिजागरीला सिलिकॉनचा स्प्रे मारला होता. सिलिकॉनचा थोडासा अंश पण पुरतो. ट्रक भरायला थांबलेला, सेल्सचे फोन चालू, शिफ्टवाले म्हणाले थोडं ॲडिटिव्ह टाक आणि जाऊ दे, साइटवर एवढं कोण बघतंय. मालक खाली आले, पॅनेल हातात घेऊन उजेडात तिरकं करून बघितलं आणि मला विचारलं, कार्डवर सही तुझी आहे, तू काय म्हणतोस? माझ्या पोटात गोळा आला होता पण मी नाही म्हटलं. ट्रक रिकामा गेला. दोन दिवस सेल्सवाले माझ्याशी धड बोलले नाहीत. त्या दिवसापासून शॉपफ्लोअरवर सिलिकॉन स्प्रे बंद, हाताला लावायची क्रीम पण बाहेर. पण मला त्या दिवशी समजलं की या जागेत माझ्या नाही म्हणण्याला किंमत आहे, आणि तिथून पुढे मी इथला झालो.

दुसऱ्या प्रसंगात चूक माझी होती. भरताना फिल्टर बॅग फाटली, दुसरी आणायला स्टोअर उघडायला लागणार होतं, रात्र झाली होती, चारच ड्रम राहिले होते, मी म्हटलं भरा. साय धरलेले तुकडे त्या चार ड्रममध्ये गेले, साइटवर एअरलेसची स्प्रे गन चोक व्हायला लागली, सहा पेंटर अर्धा दिवस बसून राहिले. मी स्वतः गेलो, जाळी लावून चारही ड्रम हाताने गाळून दिले, आणि कुणाचं नाव न घेता चूक माझी आहे असं त्यांच्या सुपरवायझरना सांगितलं. कंपनीत परत येऊन पण तेच लिहून दिलं. हे सांगायचं कारण असं की अभिमान म्हणजे आपलं कधी चुकत नाही असं नाही, चुकल्यावर त्या चार ड्रमपाशी आपण उभे राहिलो का, यावर पण तो ठरतो. कंप्लेंट आली की पहिलं वाक्य "अप्लिकेशन चुकलं असेल" हे काढायचंच नाही. बहुतेक वेळा सर्फेस प्रिपरेशनच कारण निघतं हे खरंय, पण ते जाऊन, बघून, निघालेल्या पापुद्र्याची मागची बाजू तपासून बोलायचं. मागच्या बाजूला गंज चिकटलेला आहे की मिल स्केल, म्हणजे कारखान्यातूनच स्टीलवर आलेली काळी खपली, आहे की ती स्वच्छ आहे, त्यावरून बरंच कळतं.

सॅम्पल, पॅनेल आणि छत

प्रत्येक बॅचचं रिटेन सॅम्पल ठेवतातच, पण ते नुसतं रॅकवर धूळ खात असतं. तुम्ही त्याचा उपयोग करा. सहा महिन्यांनी एक डबा उघडा, तळाशी काय बसलंय, काडीने ढवळून सहज उठतंय का घट्ट बसलंय, वरती साय आलीय का, व्हिस्कॉसिटी कुठे गेली, सगळं वहीत लिहा. आपण बनवलेल्या गोष्टीचं म्हातारपण बघणं हा वेगळाच अनुभव आहे.

सॉल्ट स्प्रे असेल तर त्यातल्या पॅनेलवर लक्ष ठेवा. एएसटीएम बी ११७ म्हणजे ५ टक्के मिठाचं पाणी, ३५ डिग्री, धुक्यासारखं सतत. १००० तास म्हणजे जवळपास ४२ दिवस. मधे रेघ मारून ठेवलेली असते आणि गंज त्या रेघेतून किती मिलिमीटर आत सरकला ते मोजायचं. फक्त त्यावर सगळं ठरत नाही, खऱ्या हवेत ऊन असतं, ओलं-सुकं होत राहतं, म्हणून आम्ही छतावर एक रॅक लावलाय, ४५ अंशात, त्याला काहीच खर्च आला नाही, जुन्या अँगलचा आहे. त्यावर माझी अकरा वर्षांपूर्वीची पॅनेल आहेत. एकाच दिवशी मारलेले इपॉक्सी आणि पीयू शेजारी शेजारी लावलेत, इपॉक्सी कधीच पांढरा पडला, पीयूमध्ये अजून चेहऱ्याची सावली दिसते. तुमच्याकडे असा रॅक नसेल तर तुम्ही सुरू करा, मागे तारीख आणि बॅच नंबर कोरून ठेवा, पेनाने लिहाल तर पुसला जाईल.

फ्लोअरवरच्या माणसांकडून शिका

छोट्या कंपनीचा मोठा फायदा हा आहे की कच्च्या मालाच्या गोणीपासून सीलबंद ड्रमपर्यंत सगळं एका छताखाली, एका दिवसात बघता येतं. लॅबमध्ये असाल तर आठवड्यातून एकदा फ्लोअरवर उभे राहा, फ्लोअरवर असाल तर लॅबमध्ये येऊन पॅनेल मारून बघा. आमच्याकडे एक ऑपरेटर काका होते, आता रिटायर झाले, ते डिस्पर्सरच्या, म्हणजे पिगमेंट दळून मिसळणाऱ्या मशीनच्या, आवाजावरून सांगायचे की माल पातळ पडलाय, डिस्क नुसती फिरतेय, दळत नाहीये. पुस्तकात लिहिलंय की डिस्कचा व्यास टाकीच्या साधारण एक तृतीयांश, कडेचा वेग सेकंदाला २० ते २५ मीटर, आणि मधे नीट भोवरा दिसला पाहिजे, माल बाहेरून आत गोल गोल गुंडाळत यायला पाहिजे. काकांना मीटर-सेकंद माहिती नव्हते, त्यांना भोवरा माहिती होता. मी हेगमनवर, म्हणजे दळण किती बारीक झालं ते मोजायच्या पट्टीवर, ग्राइंड घ्यायचो, ६ यायचा, ते म्हणायचे अजून वीस मिनिटं, वीस मिनिटांनी ७, म्हणजे साधारण साडेबारा मायक्रॉन. लेट-डाउनला, म्हणजे दळण झाल्यावर माल पातळ करताना, सॉल्व्हंट एकदम ओतला की दळलेलं पिगमेंट परत गोळा होतं आणि शेड हातातून जाते, हे पण त्यांनीच मला हळूहळू ओतून दाखवलं, तेव्हा मी फॉर्म्युलेशनच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट घेऊन आलेलो होतो. अशी माणसं तुमच्याकडे असतील तर ती जायच्या आधी त्यांच्या शेजारी उभे राहा.

लहान असण्याबद्दल

फोर्थ ब्रिज माहिती असेल, स्कॉटलंडमधला तो लाल रेल्वे पूल, १८९० चा. इंग्रजीत कधीच न संपणाऱ्या कामाला त्या पुलाच्या पेंटिंगची उपमा देतात. त्याचा लाल रंग शंभर वर्षांहून जास्त काळ क्रेग अँड रोझ नावाच्या एडिंबरा-लीथच्या कंपनीने पुरवला, ती काही जगभर पसरलेली कंपनी नव्हती. मग दहा एक वर्षं चाललेलं मोठं काम २०११ च्या शेवटी संपलं, जुना पेंट ब्लास्टने काढून साधारण २,३०,००० चौरस मीटर स्टीलवर तीन थर, मधला काचेच्या पापुद्र्यांचा इपॉक्सी ४०० मायक्रॉनचा, आणि आता किमान २५ वर्षं तरी बघायला नको असा अंदाज. तो पेंट बोल्टनच्या लीज पेंट्सचा, १८६० पासूनची खासगी कंपनी, त्याच २०११ मध्ये शेर्विन विल्यम्सने ती विकत घेतली. म्हणजे न संपणारं काम संपवणारा माल ज्या वर्षांत बनला, त्यातली बहुतेक वर्षं ती मोठ्या ग्रुपमधली नव्हती.

आणि इनऑरगॅनिक झिंक, म्हणजे इपॉक्सीऐवजी सिलिकेटमध्ये बांधलेला झिंकचा प्रायमर, जो आज सगळे वापरतात, त्याची सुरुवात ऑस्ट्रेलियात व्हिक्टर नाइटिंगॉल नावाच्या एका माणसाच्या प्रयोगांतून झाली, १९३० च्या दशकात. १९४० च्या दशकात मॉर्गन-व्हायला या पाण्याच्या पाइपलाइनला बाहेरून तो झिंक सिलिकेट लावला आणि ते कोटिंग कित्येक दशकं टिकलं, आमच्या क्षेत्रात ते उदाहरण अजून देतात. मोठ्या कंपनीला कमी लेखायचं म्हणून मी हे सांगत नाही, त्यांची रिसर्च आम्ही पण वाचतो, त्यातून शिकतो. पण पार्टीला दोनशे लिटर एक वेगळी शेड पाहिजे असते, चार दिवसांत पाहिजे असते, आणि फॉर्म्युला बनवणाऱ्याशीच फोनवर बोलायचं असतं, तेव्हा ती आपल्याकडे येते. ती जागा आपली आहे आणि ती नीट सांभाळायची.

अभिमान कुठे ओढूनताणून आणायचा नाही

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. जिथे सॉल्व्हंट ओतताना ड्रमला अर्थिंगची वायर लावत नाहीत, जिथे पावडर ओतताना मास्क देत नाहीत, जिथे पीयूच्या आयसोसायनेटवाल्या हार्डनरचा वास नाकाला बसलाय आणि हवा खेचणारा पंखा बंद आहे, तिथे कंपनीवर प्रेम करायचा उपदेश कुणी तुम्हाला करू नये. आयसोसायनेटने एकदा शरीर सेन्सिटाइज झालं की पुढे अगदी थोड्या वाफेने पण दम्याचा झटका येऊ शकतो, हे गंमतीचं नाही. आधी हे मागा, लेखी मागा, चार जण मिळून मागा, आणि तरी मिळालं नाही तर दुसरीकडे बघा. पगार वेळेवर मिळणं, ओव्हरटाइम लिहिला जाणं हे पण यातच आलं.

याचीच दुसरी बाजू म्हणजे आपण काय बनवायचं बंद केलं. एके काळी चांगला प्रायमर म्हणजे शेंदूर, म्हणजे रेड लेड, आणि पिवळा झिंक क्रोमेट. एक शिसं, दुसरा कॅन्सर करणारा. त्या जागी झिंक फॉस्फेट वगैरे बसवणं सोपं नव्हतं, पॅनेलवर पॅनेल फेल होत होती, तरी आमच्या लॅबने ते केलं, युनेपच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेच्या, मॉडेल कायद्यात शिशाची जी ९० पीपीएमची मर्यादा सांगितलीय त्याच्या खाली आमचा सगळा माल आहे. काहीतरी वाईट आपल्या हातून बाहेर जायचं थांबलं, हे पण मी कुणी विचारलं की सांगतो.

नवीन कुणी लागलं की

आता आमच्याकडे नवीन मुलगा किंवा मुलगी लॅबला लागली की मी पहिल्या दिवशी कागद वाचायला देत नाही. दोन पॅनेल घ्यायला लावतो, एक नुसतं पुसलेलं, एक नीट ब्लास्ट केलेलं, दोन्हीवर त्यांच्याच हाताने तोच प्रायमर मारायला लावतो, मागे नाव आणि तारीख कोरायला सांगतो, सुकल्यावर मधे रेघ, आणि छतावरच्या रॅकमध्ये शेजारी शेजारी. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी वर जाऊन बघायचं आणि वहीत लिहायचं, एवढंच सांगतो. गेल्या वर्षी लागलेली एक मुलगी परवा वरून उतरली आणि हातात मोबाइलवर काढलेला फोटो, म्हणाली सर, पुसलेल्यावर रेघेच्या बाजूला फोड आलेत, दुसऱ्यावर अजून काहीच नाही, हा फोटो मी घरी दाखवू का, मी काय काम करते ते त्यांना अजून कळलेलं नाहीये. मी म्हटलं दाखव, आणि बॅच नंबर पण सांग.